सेकंदाचा पंधरावा भाग

भिशी लागली फेब्रुवारीत. बावीस हजार.
त्यातले दोन गाडीच्या टायरला आधीच गेलेले,
म्हणजे वीस.
आईला सांगितलं, कॅमेरा घेतेय.
ती म्हणाली, फोनला आहे की.
मी म्हटलं, आहे.
पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही.

पहाटे पावणेसहाला मी धनकवडीत असते,
उपाशीपोटी बसलेल्या माणसांच्या दारात.
जांभळ्या झाकणाची ट्यूब, राखाडी झाकणाची ट्यूब,
मूठ आवळा, आता सोडा.
आणि नेमका तेव्हाच कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या जाळीतून
उजेड येतो तिरपा,
पातेल्याच्या काठावर टेकतो,
आणि मी दुसऱ्याच्या कोपराच्या खळगीत
कापूस दाबून धरत
बघत राहते.
फोनमध्ये त्या उजेडाचं पीठ होतं.
सगळं सारखं, सगळं गोरं.
हे आईला सांगता आलं असतं.

तीन महिने वही केली.
मॉडेलं, किमती, खाडाखोड.
लॅबमधला निनाद म्हणाला,
आता डीएसएलआर कोण घेतं, मिररलेस घे.
मिररलेसची किंमत त्याने सांगितली नाही.
लक्ष्मी रोडच्या गारेगार दुकानात
पोराने आधी माझ्या चपला पाहिल्या, मग हप्ते सांगितले.
बॅग फ्री, स्टँड फ्री, कापड फ्री.
फुकटाचीच यादी लांब होती.

म्हणून रविवार पेठ.
बोहरी आळीच्या मागचा अंधारा जिना,
वर मुर्तझाभाई, काउंटरवर जुने कॅमेरे,
तोंडाला झाकणं लावलेले.
"बजेट?"
"वीस."
"काढणार काय?"
"उजेड," म्हटलं, आणि लाजले.
ते हसले नाहीत. चष्मा पुसला,
आणि खालच्या खणातून एक काढला, साडेअकराचा.
"एकेचाळीस हजार वेळा पडदा पडलाय याचा.
चाकणच्या लग्नवाल्याचा होता. खोटं नाही सांगणार."
एकेचाळीस हजार!
किती अक्षता, किती रुसलेले मामा,
जेवणाच्या पंगतीत नेमका घास तोंडात असताना
वर बघणारे किती जण.
अंगठ्याच्या जागी रबर झिजून गुळगुळीत.
माझा अंगठा तिथे पुरता बसेना,
त्याचा हात मोठा असणार.

मग लेन्स.
एक तेरा हजारांची,
हात हलला तरी फोटो हलत नाही म्हणे.
एक सहा हजार आठशेची. साधी, पस्तीसची,
हिला तसलं काही नाही.
मी मनात बेरीज केली. पुन्हा केली.
बेरीज तीच आली.

मुर्तझाभाईंनी ट्यूबलाइट बंद केली.
चाक फिरवून म्हणाले, सेकंदाचा पंधरावा भाग.
ती बडीशेपेची बरणी काढा. साध्या लेन्सने.
मी कोपर बरगड्यांना टेकवले,
श्वास अर्धा सोडला आणि थांबवला,
म्हाताऱ्या माणसाची शीर सापडते
आणि पुन्हा सरकायच्या बेतात असते
तेव्हा थांबवते तसा.
खट्.
त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
बडीशेपेवरच्या रेघा मोजता आल्या असत्या.
"काम काय करता?"
"रक्त काढते. घरोघरी जाऊन."
"मग तेरा हजार कशाला घालवता," म्हणाले,
आणि महागडी लेन्स खणात परत गेली.
वरचे तीनशे मी सोडवून घेतले.
पुण्याची आहे, सोडणार कशी.

तिसऱ्या दिवशी, बर्फाच्या डब्याशेजारी कॅमेरा,
थत्ते आजींची शुगर.
कापूस दाबून होईतो जाळीतून तो आलाच,
पातेल्याच्या काठावर.
विचारलं, आजी, एक फोटो काढू?
तुमचा नाही, त्या पातेल्याचा.
आजी उठल्याच.
"थांब गं. दूध लागलंय त्याला.
घासून देते आधी."

घासलं. विसळलं. पुसलं. पालथं घातलं.
तोवर उजेड ओट्याखाली उतरला होता.
पुढची तपासणी तीन महिन्यांनी.